बर्फाखालच्या वामी

आईला पुरायला म्हणून मी वस्तीवर आले, ती राहूनच गेले. तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. त्याआधीचं सगळं आयुष्य बॉस्टनमध्ये गेलं होतं, एका शाळेच्या स्वयंपाकघरात. आई इथलीच, केप ब्रेटन बेटाची, मिकमाक, म्हणजे इथल्या मूळच्या आदिवासींतली. एकोणपन्नास साली ती कामाला बॉस्टनला गेली, तिथं डॉयल नावाच्या आयरिश माणसाशी तिनं लग्न केलं आणि त्या दिवसापासून सरकारी कागदावर ती मिकमाक राहिली नाही. तेव्हाचा कायदा तसा होता. बाहेरच्याशी लग्न केलेल्या बाईला वस्तीवर राहायचा हक्क नव्हता, मेल्यावर तिथल्या मातीत जायचाही नव्हता. पंचाऐंशी साली कायदा बदलला. मिकमाक असल्याचं आईचं सरकारी कार्ड आलं, पाठोपाठ माझंही आलं. आई ते कार्ड उशीखाली घेऊन झोपायची. परत मात्र ती पेटीतूनच आली.

तिच्या मातीला सगळी वस्ती लोटली. तीन दिवस चुलत्या-मावश्यांनी घर भरलेलं होतं, तव्यावरची भाकरी आणि मूस हरणाचं मटण संपत नव्हतं, मला कुणी एकटं बसू देत नव्हतं. मला वाटलं, मी घरी आले. चौथ्या दिवशी सकाळी मी चहा टाकला, चार कप काढून ठेवले, आणि कुणीच आलं नाही. त्यांचं बरोबरच होतं. ते तेलेससाठी आले होते. आमच्या भाषेत 'र' नाही, त्यामुळे तेरेसाची तेलेस होते. तेलेस आता देवळामागं झोपली होती.

आईच्या एका मावसभावाचं रिकामं घर मला मिळालं आणि आरोग्य केंद्रात व्हॅन चालवायचं काम. दुकानात मी शिरले की तिथलं बोलणं इंग्रजीत व्हायचं. मला कळावं म्हणूनच ते तसं करत. पण इंग्रजीत त्यांच्याकडे बोलायला फारसं काही उरायचं नाही. हवा, रस्ता, बिंगो. हसू मात्र सगळं मागच्या भाषेत राहून जायचं. पोरंबाळं मला बॉस्टनवाली म्हणायची आणि मोठे म्हणायचे नाहीत, एवढाच फरक.

सोमवार, बुधवार, शुक्रवार मला एकच माणूस न्यायचा असे. कापलिएल बास्क, वय अठ्ठ्याहत्तर, मूत्रपिंडं निकामी. सकाळी सहाला दारातून उचलायचं, सव्वा तास शहरापर्यंत, चार तास यंत्रावर, सव्वा तास परत. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती, एक मुलगा समुद्रात गेला होता आणि दुसरा दूर पश्चिमेला तेलाच्या खाणीत होता. पलीकडच्या घरात पुतणी होती, बर्नाडेट. ती त्याचं जेवण करायची, कपडे धुवायची आणि सकाळी त्याला व्हॅनपर्यंत हात धरून आणायची. माझ्याकडे बघून मान हलवायची, बस.

पहिले दोन महिने कापलिएल माझ्याशी एक शब्द बोलला नाही. खिडकीकडे तोंड करून बसायचा. मी रेडिओ लावला की हात पुढं करून बंद करायचा.

मग नोव्हेंबरमधल्या एका बुधवारी परत येताना तो एकदम म्हणाला, "थांबव."

मला वाटलं, उलटी होतेय. मी गाडी कडेला घेतली. तो उतरला नाही. काच खाली केली आणि खाडीकडे बोट दाखवलं.

"याला काय म्हणतात?"

मी पाटीवर वाचलेलं इंग्रजी नाव सांगितलं.

"ते ज्या माणसाचं नाव आहे तो इथं दोन वर्षं राहिला, गुरं मेली म्हणून निघून गेला. तुझी आजी काय म्हणायची याला?"

"आजीला मी बघितलंच नाही, काका."

"कातेवेकाती. वामींची, त्या सापासारख्या माशांची जागा. म्हण."

मी म्हटलं. तो इतका हसला की त्याला खोकला लागला. डोळे पुसत म्हणाला, "तू आत्ता काय म्हणालीस ते बर्नाडेटसमोर म्हणू नकोस. चल, काढ गाडी."

त्या दिवसापासून रस्ता बोलका झाला. शहरापर्यंतच्या प्रत्येक खाडीला, टेकाडाला, ओढ्याला नाव होतं आणि प्रत्येक नावात तिथं काय मिळतं, कधी मिळतं, कधी जायचं नाही, हे भरलेलं होतं. मी डॅशबोर्डवर वही ठेवली. तो यंत्रावर असताना मी बाहेरच्या बाकावर बसून आठवून लिहायची. परतीच्या वाटेवर वाचून दाखवायची, आणि तो मांडीवर हात मारून हसायचा. शहरात मला एक परिचारिका म्हणाली, "तुमचे वडील तुम्ही आल्यापासून किती खुशीत असतात!" ते वडील नाहीत हे सांगायचं मला जिवावर आलं.

एकदा मी विचारलंच, "काका, हे सगळं मलाच का सांगता?"

"मग कुणाला सांगू?"

"वस्तीवर इतकी माणसं आहेत. भाषा येणारी आहेत."

"माझ्या बाजूला अडीच तास कोण बसतं?" तो म्हणाला. "तू बसतेस, कारण तुला पगार आहे. वाईट वाटून घेऊ नकोस, लोसमाली. दुसरं कुणी गाडी चालवत असतं तर त्याला सांगितलं असतं."

मला वाईट वाटलं. पण माझ्या रोझमेरीचं लोसमाली झालं होतं. त्या नावानं मला आजवर फक्त आईनं हाक मारली होती. मी गाडी चालवत राहिले.

कराराचं त्यानं मला त्याच हिवाळ्यात सांगितलं. त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद असायचा, घड्यांवर फाटलेला. सतराशे बावन्न साली हॅलिफॅक्सला आमच्या लोकांनी आणि इंग्रजांच्या राजानं केलेल्या कराराची ती नक्कल. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण कुठल्या ओळीवर काय आहे ते तो बोटानं दाखवायचा.

"इथं वाच."

मी वाचलं. शिकार आणि मासेमारी करण्याची पूर्ण मोकळीक, नेहमीप्रमाणे.

"शेवटचा शब्द परत वाच."

"नेहमीप्रमाणे."

"नेहमीप्रमाणे म्हणजे काय, ते कुठं लिहिलंय?"

मी कागद उलटासुलटा केला. "कुठंच नाही."

"नाहीच आहे. ते त्या राजाला माहीत नव्हतं आणि आमच्या लोकांना लिहून ठेवायची गरज नव्हती. हे इथं आहे." त्यानं आपले दोन्ही हात माझ्यापुढं धरले, बोटं सांध्यांत सुजलेली, मनगटावर सुयांचे काळेनिळे डाग. "आम्ही वागतो तसं, असं तो कागद म्हणतो. आता वागणारं कुणी उरलं नाही तर त्या कागदावर काय उरलं? सांग ना. शाळेत होतीस ना तू?"

"स्वयंपाकघरात होते, काका."

"मग तर तुला कळायलाच पाहिजे."

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी नऊला तो माझ्या दारात उभा. त्याच्या घरापासून माझं घर चांगलं अर्ध्या मैलावर, आणि तो चालत आला होता. मागं दोरीनं ओढत आणलेली घसरगाडी, तिच्यावर कुऱ्हाड आणि वामी मारायचा भाला. काठी माझ्या तिप्पट उंच, टोकाला ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पट्टीतून घडवलेले पाच दाते.

"आज यंत्र नाही," तो म्हणाला. "चल."

"बर्नाडेटला माहीत आहे?"

"बर्नाडेट बिंगोला गेलीय. तू येतेस का मी एकटा जाऊ?"

व्हॅननं मी त्याला कातेवेकातीपर्यंत नेलं. बर्फावर त्याला घसरगाडीत बसवलं, दोन घोंगड्यांत गुंडाळलं आणि तो सांगेल तिकडे ओढत नेलं. पांढऱ्या बर्फावर भरवसा ठेवायचा नाही, काळ्यावरून चालायचं. ओढ्याच्या तोंडापाशी जायचं नाही, पण फार लांबही नाही, कारण गोड पाणी जिथं चिखलात झिरपतं तिथंच वामी थंडीभर निजतात. जागा पाण्यात दिसत नाही, ती किनाऱ्यावरून काढायची. देवळाचं टोक बेटाच्या शेंड्याला टेकलं पाहिजे आणि पाठीमागचा बोडका खडक टेकडीच्या खाचेत बसला पाहिजे. दोन्ही एकदम जुळतात तिथं उभं राहायचं. मी वीस पावलं पुढं, दहा मागं करत होते आणि तो घोंगडीतून ओरडत होता, "तुझं देऊळ डोंगरावर चढलंय! मागं ये!"

मी भोक पाडलं. त्यानं चिमूटभर तंबाखू पाण्यात सोडली, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाला. मग मी भाला सोडला आणि चिखलात मारायला लागले. भोकाभोवती गोल, एकेक वीत सरकत. शंभर वेळा मारलं असेल. खांदे भरून आले, हातमोजे भिजून कडक झाले. काही नाही.

"तू खड्डा खणतेयस," तो म्हणाला. "नुसतं विचार, आहेस का, आहेस का. चिखलच सांगेल."

आणि मग लागलं. काठीतून वर एक थरथर आली, सरळ कोपरापर्यंत. कुणीतरी खालून हात धरावा तसं. मी किंचाळले. तो म्हणाला, "ओरडतेस काय, ओढ!"

पहिली वाम दंडाएवढी जाड होती. बर्फावर पडून तिनं दोन वेढे घेतले आणि थंडीनं ताठ झाली. त्यानं तिचं डोकं कापून बर्फावर ठेवलं, हिवाळा नावाच्या म्हाताऱ्याचा नैवेद्य म्हणून. पाच झाल्यावर तो म्हणाला, "पुरे."

"अजून आहेत, काका. मला लागतायत."

"आहेत म्हणूनच पुरे. पाच घरं. आग्नेस, लहान पियेल, पाद्रीबाबा, बर्नाडेट, आणि एक त्या बाळंतिणीकडं. पहिल्या वेळच्या स्वतःला ठेवायच्या नसतात."

त्या पाच घरांपर्यंत वामी पोचल्याच नाहीत. आम्ही आवरत होतो तेवढ्यात मासेमारी खात्याची गाडी किनाऱ्यावर थांबली आणि दोघं अधिकारी बर्फावरून चालत आले. त्यांतला मोठा बोलायला चांगला होता. परवाना विचारला, हंगाम बंद आहे म्हणाला. कापलिएलनं आमच्या भाषेत उत्तर दिलं, लांबलचक. त्याला इंग्रजी बोलता येत होतं, पण त्या दिवशी एक शब्द काढला नाही.

"काय म्हणतायत ते?" अधिकाऱ्यानं मला विचारलं.

मला अर्धं समजलं होतं. कापलिएलनं माझ्याकडे बघून हनुवटी हलवली. म्हणजे तू सांग.

"आमचा करार आहे," मी म्हटलं. आवाज माझा मलाच उसना वाटत होता. "सतराशे बावन्नचा. नेहमीप्रमाणे मासेमारी करायची मोकळीक आहे. हे नेहमीप्रमाणे आहे."

त्यानं माझं लायसन्स हातात घेतलं होतं. "रोझमेरी डॉयल. जन्म बॉस्टन." त्यानं वर बघितलं. "आणि हे नेहमीचं तुम्ही किती दिवसांपासून करताय, बाईसाहेब?"

आज पहिल्यांदाच, हे मी त्याला सांगितलं नाही. पण तो ते माझ्या तोंडावर वाचू शकत होता.

गुन्हा माझ्या नावावर लिहिला गेला, कारण भाला माझ्या हातात होता. भाला आणि पाचही वामी जप्त. कापलिएल एकदम इंग्रजीत ओरडला, "माझंही नाव लिहा! जागा मी दाखवली!"

"आजोबा, तुम्ही नुसते बसला होतात," अधिकारी म्हणाला, अगदी मवाळपणे.

इतकं चिडलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. परतीच्या वाटेवर मात्र तो शीळ घालायला लागला. "बरं झालं," म्हणाला. "आता कोर्टात जाऊ."

वस्तीवर दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. कुणी माझ्या पाठीवर थाप मारली, कुणी म्हणालं, बॉस्टनवालीला आता मिकमाक असल्याचा दाखला मिळाला. बर्नाडेट मात्र व्हॅनच्या खिडकीशी आली. "अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजारी माणसाला बर्फावर नेलंस. काही झालं असतं म्हणजे? तू गेली असतीस बॉस्टनला परत."

"त्यांनीच—"

"त्यांनीच, त्यांनीच. वहीत काय काय उतरवून घेतेस त्यांच्याकडून?"

तारीख जूनची पडली. मुख्य भूमीवरून लॉरेन टोनी नावाची आमच्यातलीच एक तरुण वकील आली. ती म्हणाली, दोघांचीही साक्ष घेऊ, आजोबांची दुभाष्यामार्फत. कापलिएल म्हणाला, दुभाषा नको. त्याच्या लहानपणी त्याच्या आजोबाला बीव्हरच्या कातड्यांसाठी कोर्टात उभं केलं होतं. म्हातारा सकाळभर बोलला आणि दुभाष्यानं त्याची तीन वाक्यं केली. "तो घरी आला तो मरेपर्यंत बोलला नाही. म्हणायचा, माझे शब्द तिकडंच राहिले. आता लोसमाली बोलेल. आधी आमच्या भाषेत, मग त्यांच्या."

मार्च, एप्रिल, सगळा रस्ता तेच. माझं नाव, आईचं, आजीचं, पणजीचं. किनाऱ्यावरच्या जागा एकामागून एक, पूर्वेकडून. वाम कधी मारायची, किती, कुणाच्या घरी आधी पोचवायची, कधी भाला उचलायचाच नाही. मग कागदावरची ओळ. चुकले की पुन्हा पणजीपासून. यंत्रावरून उतरल्यावर तो राखेसारखा दिसायचा, तरी पट्टा बांधताना म्हणायचा, "हं, सुरू कर." एका शुक्रवारी मी न अडखळता शेवटपर्यंत गेले. मी त्याच्याकडे बघितलं. तो झोपला होता.

मेच्या पहिल्या सोमवारी मी सहाला त्याच्या दारात उभी होते. सव्वासहा झाले. बर्नाडेट बाहेर आली, अंगावर झोपायचे कपडे आणि वर काकांचा कोट.

"येत नाही म्हणाले."

"बुधवारी?"

"बुधवारीही नाही. आता कधीच नाही म्हणतात. कंटाळा आला म्हणे त्या यंत्राचा." तिचा आवाज सरळ होता, पण ती कोटाचं एकच बटण लावत होती, काढत होती. "डॉक्टरांशी बोलणं झालंय त्यांचं. गेल्या आठवड्यातच. मला काल सांगितलं."

मला गेल्या आठवड्यात तीनदा सव्वा तास जाताना, सव्वा तास येताना वेळ होता त्याच्याबरोबर. मला त्यानं सांगितलं नव्हतं. मी व्हॅनमध्ये इंजिन चालू ठेवून बसून राहिले. मग मला कळेना की कुठं जायचं, आणि मी रिकामी गाडी घेऊन शहरात गेले आणि रिकामी परत आले.

तो नऊ दिवस जगला. घर माणसांनी भरलेलं होतं, पश्चिमेचा मुलगाही आला होता. सगळे आमच्या भाषेत बोलत होते, हळू, एकमेकांत, आणि या वेळी कुणी माझ्यासाठी इंग्रजीत बोललं नाही, तेवढं भान कुणालाच नव्हतं. मी दारापाशी कपाटाला टेकून उभी राहायची. सहाव्या दिवशी गर्दीतून त्याची नजर माझ्यावर आली. मी जवळ गेले.

"कोर्टाला मी नाही," तो म्हणाला.

"मी कशी एकटी बोलू, काका?"

"तोंडानं," तो म्हणाला आणि डोळे मिटले. बाजूच्या बायका हसल्या, आणि मीही हसले, आणि मग मला बाहेर जावं लागलं.

त्याच्या मातीनंतर देवळाच्या सभागृहात सालिते झालं. जेवण, आणि मग मेलेल्याच्या वस्तूंचा लिलाव, क्रियाकर्माच्या खर्चासाठी. त्याची टोपी, बर्फातले बूट, पत्त्यांचा जोड, सगळं हसतखेळत गेलं. कुणीतरी विचारलं, भाला कुठाय? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भाला जप्तीत होता.

जूनच्या सतरा तारखेला मी आईचा निळा झगा घालून कोर्टात गेले. एकटीच. लोक येणार होते, पण त्याच दिवशी वस्तीवर एक लग्न होतं. रात्रभर मी पणजीपासून शेवटपर्यंत म्हणत होते. बाकावर बसले तेव्हा ओठ आपोआप हलत होते. माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. सरकारी वकील उठला, एका कागदाकडं बघत म्हणाला की या प्रकरणात आरोप मागे घेत आहोत. न्यायाधीशांनी लिहिलं काहीतरी. "तुम्ही जाऊ शकता, मिस डॉयल." पुढचं नाव पुकारलं गेलं.

भिंतीवरच्या घड्याळात दोन मिनिटं झाली होती.

बाहेर लॉरेननं मला मिठी मारली. "जिंकलो आपण!"

"मला बोलायचं होतं."

"त्याची गरजच पडली नाही. हे उलट चांगलं. तुमचं बोलणं ऐकायला लागू नये म्हणूनच मागं घेतात ते."

"अगं, मग ते आता कुणाला सांगू?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला ते कळलं होतं, हे मला दिसलं. पण तिची पुढची तारीख तासाभरावर दुसऱ्या गावात होती. "लिहून काढा," ती म्हणाली. "मी वाचेन, खरंच वाचेन." आणि ती गेली. मी मैदानातल्या माझ्या गाडीत बसले, काचा वर केल्या आणि तोंड उघडलं. पणजीचं नावच आठवेना.

कोर्टाच्या मागच्या खोलीतून मला भाला मिळाला, दात्यांना भुरकट गंज. सही करून घेतला. गाडीत मावेना म्हणून छपरावर बांधला आणि तसाच बर्नाडेटच्या दारात नेला. भाला त्यांच्या घरचा होता, माझा नव्हता.

तिनं तो हातात घेतला. काठीवर, जिथं त्याचा हात पडून लाकूड काळं झालं होतं, तिथं बोट फिरवलं.

"तीस वर्षं शेजारी राहिले," ती म्हणाली. "जेवण केलं, पाय चेपले. माझ्या भावांना नेलं, स्वतःच्या पोरांना नेलं. मला एकदा म्हणाले नाहीत, चल. मुली बर्फावर जात नाहीत म्हणायचे. आणि मग तुला घेऊन गेले. तू तर..." तिनं शब्द शोधला आणि सोडून दिला.

"माझ्याकडे गाडी होती," मी म्हटलं. "त्यांनीच सांगितलं मला तसं."

तिनं भाला आत नेला आणि दार लावलं.

पुढचा हिवाळा लवकर आला. सोमवार-बुधवार-शुक्रवार आता मी दुसऱ्या एका म्हातारीला न्यायची. ती सारा रस्ता रेडिओ ऐकायची. जानेवारीच्या शेवटी बर्फ काळा पडला तेव्हा मी बर्नाडेटच्या दारावर टकटक केली आणि भाला मागितला. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल.

"अंधाराआधी परत आणायचा," ती म्हणाली.

बर्फावर मी एकटी होते. देऊळ बेटावर टेकवायला मला तासभर लागला, ओरडणारं कुणी नव्हतं. तंबाखू सोडली. काय म्हणायचं ते त्यानं मला शिकवलंच नव्हतं, ते तो ओठांतच म्हणायचा, म्हणून मी त्याचं नाव घेतलं. दुपारपर्यंत तीन मिळाल्या. चौथी लागली होती, पण वारा सुटला आणि मी आवरलं. एक आग्नेसच्या दारात दिली. एक लहान पियेलकडं. तिसरी आणि भाला बर्नाडेटकडे.

तिनं वाम हातात तोलली. "आता हिला सोल," ती म्हणाली.

"मला येत नाही."

"येत नाही?"

"त्यांनी शिकवलं नाही. ते म्हणायचे, घरी नेऊन द्यायची."

बर्नाडेट एकदम हसली, मोठ्यानं, मी तिला कधी हसताना ऐकलं नव्हतं. "त्यांना तरी कुठं येत होतं! आयुष्यात एक वाम सोलली नाही त्या माणसानं. दारात टाकून जायचे, आणि मग मी आणि काकू इथं बसायचो, निम्मा दिवस." तिनं पाटावर राख पसरली, खिळ्यानं डोकं ठोकलं आणि मानेभोवती सुरी फिरवली. "हाताला राख लाव. हं. आता धर इथं, आणि ओढ. मोजा काढल्यासारखं. मध्ये थांबलीस तर फाटेल. काकू म्हणायची, कातडं एकसंध निघालं तरच ते कुणाच्या तरी दुखऱ्या गुडघ्याला उपयोगी पडतं. माझ्याच गुडघ्याला बांधणार आहे मी."

माझ्या हातून ते मध्येच फाटलं. उरलेलं तिनं स्वतः काढलं. तिच्या हातांना ते इतकं सोपं होतं की मी बघतच राहिले. त्या घरासमोर मी आठ महिने गाडी उभी केली होती.

मग तिनं मांसाचे तुकडे केले, अर्धे एका कागदात बांधून माझ्या हातात दिले. आतल्या खोलीत तिच्या नातवंडांचा गलका चालला होता, टेबलावर सात-आठ ताटं मांडलेली होती. मी दाराशी थोडी रेंगाळले. ती हात धूत होती, पाठमोरी.

"शनिवारी जाशील?" तिनं विचारलं.

"बर्फ राहिला तर."

"भाला ओसरीवर ठेवीन. दार वाजवायची गरज नाही."

त्या हिवाळ्यात मी आणखी चार वेळा गेले. दर वेळी तिच्या पाटावर सोललं, आणि चौथ्या वेळी कातडं एकसंध निघालं. तिनं ते उजेडात धरून बघितलं आणि खुंटीला टांगलं. जेवायला थांब असं ती कधी म्हणाली नाही, मीही थांबले नाही. घरी जाऊन मी चूल पेटवायची, कागद सोडायची, मीठ लावून तुकडे परतायची आणि खिडकीशी उभी राहून खायची. काटे फार असतात वामीला. सावकाश खावं लागतं.